शंभर रेघा

आणिक डेपोत रात्री पावणेतीनला
चौदा बसगाड्या चार्जिंगला लागलेल्या असतात
आणि मी त्यांच्यामधून फिरतो
जनरल वॉर्डातल्या आयाबाईसारखा,
कुणाची नळी निसटली का बघत.

आज पंधरावी आलीय. पाहुणी.
हिला वायर नाही. छपरावर टाक्या, टाक्यांत हायड्रोजन.
भिंतीपासून लांब उभी केलेली,
भोवती दोरी, दोरीला लाल चिंध्या,
सोवळ्यात असल्यासारखी.

चाचणीवर देखरेखीला टिपणीसबाई. वय सव्वीस असेल.
मी विचारलं, बाई, हिचं पोट नऊ मिनिटांत भरतं,
माझ्या ह्या चौदाजणी साडेतीन तास पीत बसतात.
मग हीच का नको सगळीकडे?
बाईंनी उत्तर दिलं नाही. खडू मागितला.

उकिडवं बसून फरशीवर शंभर रेघा मारल्या,
पाच-पाचच्या जुड्या, खळ्यावर रास मोजताना मारतात तशा.
"ही वीज. पवनचक्कीची म्हणा."
पाणी फोडायला तीस पुसल्या.
दाबून भरायला, टँकरने इथवर आणायला दहा.
गाडीत परत वीज करायला उरलेल्यातल्या निम्म्या.
मोटारीने तीन खाल्ल्या.
"चाकाला सत्तावीस."

आणि तारेतून थेट बॅटरीत घातली तर?
पुन्हा शंभर. ह्या खेपेला हात जपून फिरला.
त्र्याहत्तर उरल्या, एक अर्धवट पुसलेली.

भोईर हसला. म्हणाला,
भाऊच्या धक्क्यावरची कोलंबी चेंबूरला पोचेस्तोवर
जेवढ्या टोपल्या बदलते तेवढी सुकते, त्यात नवीन काय.

तरी हिला मोडीत काढू नका, बाई म्हणाल्या.
न्हावाशेव्याहून चाळीस टन घेऊन घाट चढायचा
तर बॅटरी स्वतःचंच ओझं वाहत बसते.
तिथे कदाचित हीच लागेल. कदाचित.
तो शब्द त्यांनी दोनदा वापरला.
मला ते आवडलं.

मग मीच म्हटलं, आता डिझेलच्या मारा.
त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

एकतीस वर्षं ती इंजिनं उघडलीत मी.
कुठे गळतं, कुठे जळतं, कुठे नुसतं थरथरतं
हे मला कागद न बघता येतं.
पुसत गेलो. तिसाच्या अलीकडे थांबलो.
तळहात पांढराफटक.

बाकीच्या सत्तर कुठे गेल्या ते मला विचारा.
थोड्या सायनच्या झाडांवर, पानापानावर काळ्या.
थोड्या माझ्या छातीत,
डॉक्टर फोटोवर बोट ठेवून दाखवतो.
आणि उरलेल्या ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर,
जिथे रखमाजी शिरसाटचा डबा असायचा.
शेवटच्या फेरीलाही त्याच्या वरणाला वाफ.
हिशेबात तो तोटा.
आम्ही त्याला जेवण म्हणायचो.

चारच्या सुमाराला पाहुणीच्या शेपटाकडून पाणी ठिबकायला लागलं.
बाई नको म्हणेपर्यंत भोईरने चहाचा ग्लास लावून
घोटभर पिऊनही टाकलं.
"फिकं आहे," म्हणाला. "कशालाच लागलेलं नाही असं."

आमची डेपोतली बोकी, एका कानाची,
शेवटची डिझेल गाडी गेल्यापासून
जुन्या गणवेशांच्या ढिगात झोपायची, ती आली.
चिंध्यांची दोरी ओलांडून
पाहुणीच्या पोटाखाली गेली, हुंगलं, अंग पसरलं.
पुसलेल्यांपैकी एखादी रेघ
तिला सापडली असावी.

पाच वाजता मी प्लग काढायला घेतले.
चौदाही गाड्या गार.
चांगलं आहे, गार म्हणजे फारसं वाया गेलं नाही,
आता मलाही कळतं.
पहिली गाडी रेघांवरून गेली, आवाज न करता.

तिसरीत चढलो तेव्हा डबा हातातच होता.
सवयीने डावीकडे ठेवायला गेलो.
तिथे बॉनेट नाही.